झऱ्याचा सातबारा कुणाच्या नावावर?



मागच्या दोन अंकांत माझा मजकूर नव्हता. मामीच्या बाळंतपणाला म्हणून फेब्रुवारीत सोलापूरला आले ती अजून इथंच आहे. मामा सरकारी नोकरीत, घर जुळे सोलापूरला. बाळ-बाळंतीण बरी आहेत, पोरगी झाली. मी चळवळ सोडून शहरात जाऊन बसले असं कुणी समजू नका. उलट इथं आल्यावर एक गोष्ट अशी डोक्यात बसली की लिहिल्याशिवाय राहवेना. थोडं कडू लागेल. सरकारला लागेल तसं आपल्या संघटनेतल्या गडीमाणसांनाही लागेल. लागू द्या.

आधी इथलं सांगते. जुळे सोलापूर म्हणजे जुन्या शहराला जोडून वाढलेलं नवं शहर. कॉलन्या, बंगले, अपार्टमेंट. घरोघर नळ आहे. पाणी मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी, ते पण कधी रात्री दोनला, कधी पहाटे. ज्या रात्री पाणी यायचं त्या रात्री सगळी गल्ली जागी. पिंप, बादल्या, पातेली, काय हाताला लागेल ते भरून ठेवायचं. बिल्डिंगला बोअर आहे, पण त्याचं पाणी मचूळ. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो. म्हणून मामा प्यायला वीस लिटरचा जार विकत आणतो. पाण्याचे पैसे मोजून देताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपल्या झऱ्यावरची हंड्यांची रांग आठवली.

शेजारच्या काकू एक दिवस म्हणाल्या, "तुमचं बरंय बाई, भीमाशंकरच्या डोंगरात काय, पाणीच पाणी." मी त्यांना सांगितलं, काकू, मार्च सरला की आमच्या वाडीतल्या बाया रात्री जेवणं उरकून झऱ्यावर जातात. कपारीत वाटी लावायची, वाटी भरली की हंड्यात ओतायची. नंबर लावून झोपायचं तिथंच, दगडावर. काकूंना खरं वाटेना. म्हणाल्या, "अगं, मग एवढा पाऊस जातो कुठं?"

प्रश्न बरोबर आहे. तो पाऊस काकूंकडेच येतो.

आपल्या आहुप्याच्या डोंगरात घोड नदी उगवते. ती खाली डिंभ्याच्या धरणात अडवली आहे. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचं नाव दिलंय. त्या जलाशयाखाली आपल्या लोकांची भातखाचरं आहेत, आणि ज्याच्या नावानं तालुका चालतो ते जुनं आंबेगाव सुद्धा आहे. डिंभ्याचं पाणी कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांतून फिरतं, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत पार सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जायचं असं त्याचं नियोजन आहे. कालव्यात न गेलेलं घोडेचं पाणी भीमेला मिळतं. भीमा तर आपल्याच भीमाशंकरची. तिला चास-कमानला एकदा अडवलंय, मग पुढं उजनीला. उजनी म्हणजे ११७ टीएमसीचं धरण. तिथनं नदीत पाणी सोडलं की पंढरपूरवरून वाहत औज बंधाऱ्यात येतं, टाकळीला उपसतात, सोरेगावला शुद्ध करतात आणि सोलापूरच्या नळांना सोडतात. उजनीपासून वेगळी पाइपलाइन पण आहे. म्हणजे आपल्या डोंगरावर पडलेला थेंब वाटेत पुण्याची आणि पिंपरी-चिंचवडची घाण अंगावर घेऊन, उजनीत हिरवा होऊन, इथं काकूंच्या पिंपात येतो. आणि त्याच थेंबासाठी आपली बाई रात्री कपारीला वाटी लावून बसते.

काकूंचा राग नाही. त्या पण रात्रीच्या जाग्याच असतात. इथं झोपडपट्टीतल्या बायांचे तर टँकरवर हाल आहेत. आपलं भांडण त्यांच्याशी नाही.

२०१३ चा दुष्काळ तुम्ही ऐकलाय. उजनी शून्याच्या खाली गेलं, गावोगाव जनावरांच्या छावण्या लागल्या. मोहोळचे शेतकरी प्रभाकर देशमुख उजनीत वरून पाणी सोडा म्हणून मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले. त्यांच्यावरून त्या वर्षी एप्रिलमध्ये इंदापूर तालुक्यातल्या सभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार धरणात पाणी नसेल तर काय करायचं याबद्दल जे बोलले, ते मी या कागदावर लिहीत नाही. नंतर त्यांनी माफी मागितली, कराडला जाऊन आत्मक्लेश म्हणून बसले. इथं सोलापुरात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. वर्तमानपत्रं मी रोज वाचत होते. सगळीकडं एकच, वरच्यांनी पाणी अडवलं, खालच्यांचा हक्क मारला. यात "वरचे" म्हणजे कोण? पुणे जिल्ह्यातले धरणवाले, कालव्यावरचे ऊसवाले. धरणाच्याही वर माणसं राहतात, त्यांची जनावरं आहेत, त्यांच्या लेकरांना तहान लागते, हे महिनाभरात एका ओळीत सुद्धा वाचायला मिळालं नाही. पाण्याच्या हिशोबात आपण "पाणलोट क्षेत्र" आहोत. म्हणजे जिथं पाऊस पडतो ती जागा. माणसं नाहीच.

आता साहेब लोकांचं उत्तर तुम्हाला पाठ आहे. "डोंगरात पाणी थांबतच नाही. काळा दगड, तीव्र उतार. त्याला कोण काय करणार? टँकर लावू, बोअर मारून देऊ, नाहीतर खाली राहायला या." भीमाशंकरच्या पट्ट्यात तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूरला त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. आणि टँकर दोन्हीकडं. मग हा काय नुसता दगडाचा दोष?

दगडाचं नीट समजून घेऊ, कारण इथंच आपल्याला गंडवलं जातं. आपला डोंगर म्हणजे चवडीला लावलेल्या भाकऱ्या. लाखो-लाखो वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरानं पसरला आणि थिजला. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांवर भाग याच दगडाचा आहे. काही थर घट्ट काळे, त्यात पाणी शिरत नाही, शिरलं तर फक्त भेगेतून. काही थर मऊ, भोकाभोकांचे, विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. मध्येमध्ये तांबड्या मातीचा पातळ थर. पावसाचं पाणी वरच्या सड्यावरून, रानातल्या पाल्यापाचोळ्याखालून, भेगांतून मऊ थरात मुरतं. खाली घट्ट थर लागला की त्याला खाली जाता येत नाही, मग ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीला जिथं थर उघडा पडलाय तिथं बाहेर येतं. तोच आपला झरा. म्हणून एकाच उंचीवर रांगेत झरे सापडतात. आपल्या म्हाताऱ्यांनी वाड्या तिथंच का वसवल्या? त्यांना भूजल सर्वेक्षणाचा नकाशा कुणी दाखवला नव्हता.

म्हणजे डोंगरात पाणी थांबतं. थोडं थांबतं, पातळ थरात थांबतं, आणि ते किती दिवस पुरेल हे झऱ्याच्या वरच्या रानावर ठरतं. वर सावली, मुळं, पाचोळा असेल तर पाऊस मुरतो. रान उघडं पडलं तर तोच पाऊस दोन तासांत ओढ्याला, चार तासांत डिंभ्यात. आहुप्याची देवराई लोकांनी तोडू दिली नाही हे सगळ्यांना माहीत आहे. देवाला भिऊन म्हणा नाहीतर शहाणपणानं म्हणा, पण जुन्या माणसांनी कुऱ्हाड बंद ठेवली ती बहुतेक करून पाण्याच्या डोक्यावरच्या रानातच. आपल्या झऱ्यावर साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड आहेत. जुळे सोलापूरला आसरा नावाचा मोठा चौक आहे, रोज रिक्षावाले "आसरा, आसरा" म्हणून ओरडतात. मला दर वेळी झऱ्यावरचे ते सात दगड दिसतात. असो.

आता बोअरचं. आमच्या वाडीची गोष्ट सांगते, नावं घेत नाही. झऱ्याच्या वरच्या अंगाला एक प्लॉट आहे. वनहक्कात त्याचा पट्टा मिळाला, आम्ही ढोल वाजवला, पेढे वाटले. दोन वर्षांत त्या प्लॉटवर कुणा पुढाऱ्याच्या फंडातून बोअर झाली. दोनशे फूट. पहिल्या वर्षी जोरात पाणी. दुसऱ्या वर्षी झरा होळीलाच बारीक झाला, जो आधी वैशाखापर्यंत टिकायचा. तिसऱ्या वर्षी बोअरलाही मे महिन्यात हवा. काय झालं असेल? एक तर बोअरनं वरच्या थरातलं झऱ्याचं पाणी आधीच ओढून घेतलं. किंवा ज्या घट्ट थरानं पाणी अडवून धरलं होतं त्यालाच भोक पाडलं, आणि पाणी त्या भोकातनं खालच्या थरात उतरलं. बुड फुटलेल्या हंड्यात पाणी राहील का? खाली उतरलेलं ते कुठंतरी दरीत निघत असेल, वाडीला त्याचा काय उपयोग.

ज्याची बोअर त्याला शिव्या देऊन काय होणार? तो आपलाच माणूस. त्यानं काही कायदा मोडला नाही, हीच तर मेख आहे. इंग्रजांच्या १८८२ च्या ईझमेंटच्या कायद्यापासून असं चालत आलंय की ज्याची जमीन त्याचं तिच्याखालचं पाणी. राज्याचा १९९३ चा भूजल कायदा म्हणायचा की पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर, बोअर घेता येणार नाही. चांगला कायदा. पण आपला झरा सरकारी नोंदीत सार्वजनिक स्रोत म्हणून आहेच कुठं? सरकारी दप्तरात तिथं नुसतं "राखीव वन" आहे. कायद्याला झरा दिसत नाही, बोअर दिसते.

आणखी पुढचं बघा. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सहजी घेता येऊ नये म्हणून जमीन महसूल कायद्यात ३६-अ कलम आहे. त्यासाठी आपल्या आधीच्या लोकांनी मोर्चे काढले. पण जमिनीखालचं पाणी पाइपातून निघून जातं त्याला कुठलं ३६-अ आडवं येतं? डोंगराच्या पायथ्याला रिसॉर्ट, फार्महाऊस व्हायला लागलीत. त्यांना आपली जमीन घ्यायचीच गरज नाही. शेजारच्या सर्व्हे नंबरात खोल बोअर मारली की आपल्या पोटातलं पाणी त्यांच्या पोहायच्या टाकीत. सातबारा आपल्याच नावावर राहील, फ्रेम करून भिंतीला लावा.

केरळात पालक्काड जिल्ह्यात प्लाचीमडा नावाचं गाव आहे. तिथं कोकाकोलाच्या कारखान्यानं बोअर मारून पाणी उपसलं. आजूबाजूच्या आदिवासी वस्तीच्या विहिरी खाली गेल्या, उरलेलं पाणी असं झालं की तोंडात धरवेना, त्यात भात शिजवला तर खाववेना. २००२ पासून तिथल्या बाया कारखान्याच्या दारात बसल्या. मयिलम्मा नावाची आदिवासी बाई त्यांच्या पुढं होती. शाळेत न गेलेली. २००४ मध्ये कारखाना बंद झाला. तिथंही कंपनी हेच म्हणत होती, जमीन आमची, बोअर आमची.

आता आपल्याकडं वळते.

वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे. तेव्हापासून आपण दावे भरतोय. नमुना अ, म्हणजे वैयक्तिक प्लॉट. त्यासाठी मोजणी, पंचनामे, म्हाताऱ्यांचे जबाब, तहसीलवर धरणं, घोडेगावच्या फेऱ्या. मी स्वतः बारावी झाल्यापासून हेच फॉर्म भरतेय, शंभराच्या वर माझ्या अक्षरात असतील. पण नमुना ब, सामूहिक हक्काचा? बऱ्याच गावांनी भरलाच नाही. ज्यांनी भरला त्यांनी हिरडा लिहिला, सरपण लिहिलं, चराई लिहिली. पाण्याच्या रकान्यात काय? एके ठिकाणी "ओढा" एवढा एकच शब्द होता. मी विचारलं, दादा, तुमच्याकडं झरे किती? म्हणाला, "ते बायांना माहीत." मग बायांना विचारून का नाही लिहिलं? तर हसला.

हे हसण्यावारी न्यायचं नाही. नियम १३ मध्ये सामूहिक हक्काचे पुरावे कोणते याची यादी आहे. माणसांसाठी आणि गुरांसाठी वापरायचे पाण्याचे स्रोत त्यात स्पष्ट लिहिलेत. देवराया, देवाची झाडं, कुंड लिहिलंय. म्हणजे साती आसरांचे दगड हा कायद्यानं पुरावा आहे! आपण तो फॉर्मात लिहिला नाही, कारण पाणी आणणं हे बायांचं काम आणि दावा भरणं गड्यांचं. सभेला बाया पुढं बसतात, घोषणा देतात, फोटोत येतात. नकाशा काढायची वेळ आली की कागद गड्यांच्या हातात. कुठला झरा कधी आटतो, कुठला आटतच नाही, कुठल्या पाण्यानं पोरांची पोटं बिघडतात, हे ज्यांना तोंडपाठ त्यांना कुणी विचारलंच नाही.

काही जुने कार्यकर्ते म्हणतील, "आधी जमीन मिळू दे, पाण्याचं मागनं बघू." मला सांगा, पाणी नसलेली जमीन घेऊन काय करणार? पट्टा हातात आणि बिऱ्हाड नारायणगावला टोमॅटो तोडायला, हेच चाललंय ना? पडकईची खाचरं आपण सगळ्यांनी मिळून बांधली, पडकई रोजगार हमीत घ्या म्हणून भांडलो. त्या खाचरातनं मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या झऱ्याला जातं. जमीन आणि पाणी डोंगरात दोन नाहीतच. दोन केलीत ती कागदावर.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "अभयारण्य आहे, जंगलखातं झऱ्याला हात लावू देत नाही. कुदळ घेऊन गेलं की गुन्हा." एका वाडीवर असं झालंय, झऱ्यातला गाळ काढायला गेलेल्या पोरांच्या घमेली-कुदळी वनरक्षकानं उचलून नेल्या. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये झालं. आपले झरे त्याच्या आधीचे आहेत. आणि वनहक्क कायद्यात वनजमीन म्हणजे काय हे सांगताना अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान दोन्ही धरलेत. त्याच कायद्याचं कलम ३ (२) वाचा. शाळा, अंगणवाडी, रस्ता यांच्या बरोबरीनं पिण्याच्या पाण्याची सोय, पाइपलाइन, तळी, पावसाचं पाणी साठवायची बांधकामं, यांना वनजमीन देता येते. अट काय? एक हेक्टरच्या आत जागा, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. झऱ्याला चौकोनी दगडी कुंडी बांधायला किती जागा लागते? एका म्हशीला बसायला लागते तेवढी. एकही झाड तोडायचं नाही. हे कलम वनरक्षकाला माहीत नसेल तर माहीत करून द्यायचं, बुलेटिनचा हा अंक दाखवायचा.

आणि कलम ५. ते मला सगळ्यात आवडतं. ग्रामसभेला अधिकार आहे की पाणलोट क्षेत्र, पाण्याचे स्रोत नीट राखले जातील हे तिनं बघावं. बघा, तोच शब्द, पाणलोट क्षेत्र. सोलापूरच्या हिशोबात आपण पाणलोट म्हणजे नुसती जागा. कायद्याच्या हिशोबात त्या पाणलोटाचे राखणदार. पेसा कायद्यात १९९६ पासून अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतीकडं आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये नियम बदलले, सामूहिक वनसंसाधनासाठी वेगळा नमुना क आला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं २००९ मध्येच सामूहिक हक्क घेतला, मग बांबूसाठी भांडून वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हातात आणले. त्यांनी बांबू आणला, आपण पाणी का नाही?

नमुना क मध्ये झऱ्याचं नाव, तो कुठल्या कपारीत, आणि मुख्य म्हणजे त्याच्या वरचं रान कुठून कुठपर्यंत, हे लिहायचं. नुसता झरा लिहून भागत नाही. झरा म्हणजे तोटी, टाकी वर रानात आहे. त्या रानात बोअर नाही, मग ती आपल्यातल्या पट्टेवाल्याची असो की रिसॉर्टवाल्याची, असा ठराव ग्रामसभेनं करायचा. आपल्या माणसाला तोंडावर "नाही" म्हणायचं हे अवघड आहे हे मला कळतं. आमच्या वाडीत आम्हाला जमलं नाही.

पाणी चांगलं की वाईट, याबद्दल पण खरं बोलू. इथं जुळे सोलापूरला बोअरचं पाणी जड का? पाणी खोल दगडात वर्षानुवर्षं राहिलं की दगडातले क्षार घेतं. वरनं गटारं, शेतातली खतं मुरली की नायट्रेट वाढतं. लिटरला ४५ मिलीग्रॅमच्या वर ते असू नये, कारण बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते घातक, अंग निळं पडतं. उकळून ते जात नाही. म्हणून मामा जार आणतो. आपल्या झऱ्याचं पाणी याच्या उलट. नुकतं मुरलेलं, हलकं, डाळ झटक्यात शिजते. त्यात क्षाराचा दोष नाही. दोष जंतूंचा. पहिला पाऊस झाला की दर वर्षी हगवण येते आणि आपण म्हणतो नव्या पाण्याचं आहे. नवं पाणी बिनं काही नाही. उघड्या झऱ्यात गुरं उतरतात, तिथंच धुणी, वरच्या उताराला हागणदारी, सगळं पहिल्या पावसानं धुवून आत. आता संडासं बांधतायत, तर खड्डा झऱ्याच्या वरच्या अंगाला! पंधरा मीटर अंतर ठेवा म्हणतात, पण भेगाळलेल्या दगडात पंधरा मीटरचं काय घेऊन बसलात, भेग लागली की घाण सरळ झऱ्यात. खड्डा झऱ्याच्या खालच्या बाजूलाच हवा. याला सरकार जबाबदार नाही. हे आपलं आपल्याला करायचंय.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो. झऱ्याला ती टाकून उपयोग नाही, पाणी वाहतं आहे, पावडर पुढं निघून जाते. झऱ्याचं तोंड झाकून कुंडी बांधायची, पाइपानं पाणी खाली टाकीत घ्यायचं, पावडर टाकीत. सांडलेलं पाणी अजून खाली गुरांच्या डोणीत. आरोग्य केंद्रात तपासणीच्या छोट्या बाटल्या असतात, पाणी भरून ठेवलं आणि दोन दिवसांत काळं पडलं तर समजायचं घाण आहे. बाटली मागून घ्या. नाही म्हणाले तर लेखी मागा.

टाकीचा हिशोब मी इथं बाळ झोपल्यावर मांडला, तो बघा. पंधरा लिटरचा हंडा अडीच मिनिटांत भरला तर मिनिटाला सहा लिटर. रात्रंदिवस धरून चोवीस तासांत ८,६४० लिटर. २०१३ मध्ये सरकारचं माप खेड्यात माणशी ४० लिटर होतं, त्या मापानं २१६ माणसांना पुरेल. एवढी तर बऱ्याच वाड्यांत माणसं पण नाहीत. झरा बारीक होऊन मिनिटाला दोन लिटरवर आला तरी दिवसाला २,८८० लिटर, म्हणजे ७२ माणसं. मग आपल्याला पुरत का नाही? कारण रात्रीचं पाणी ओढ्याला जातं, आणि जे साठत नाही त्यासाठी बाई जागते. वाटी लावून बसण्यापेक्षा टाकी लावून झोपता येईल. डोंगरात पाणी नाही म्हणणाऱ्या साहेबाला हा हिशोब दाखवा आणि विचारा, टँकरच्या एका उन्हाळ्याच्या खर्चात किती टाक्या होतात? मला वाटतं म्हणूनच तो हिशोब कुणी करत नाही. टाकी एकदा बांधली की संपली. टँकर दर वर्षी लागतो.

तेव्हा आता मे महिन्यातच प्रत्येक वाडीनं झरा मोजायचा, कारण आत्ताच तो सगळ्यात बारीक आहे. ज्याच्याकडं मोबाइल त्यात सेकंद दिसतात. हंडा कुणाचा धरला, किती लिटरचा, किती वेळात भरला, तारीख, सगळं वहीत. दर महिन्याला त्याच हंड्यानं. मोजायला बाया, लिहायला शाळेतली पोरं.

आणि म्हाताऱ्यांचे जबाब. नियमात आहे की दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा धरतात. आमच्या वाडीत एक आजी आहे, वाडीत तिच्याएवढं वय कुणाचं नाही. मागच्या वर्षी मी तिच्यापाशी बसले होते तर म्हणाली, "आगं, मह्या लग्नात या झऱ्याचं पानी मनगटायेवढं पडत व्हतं. वर सगळी जांभळी व्हती, त्या कोळशावाल्यांनी तोडल्या." मी ते तेव्हा लिहून घेतलं नाही, गप्पा समजले. झरा किती जुना, वर कुठलं रान, कुणी तोडलं, तिन्ही गोष्टी तिनं दोन वाक्यांत सांगितल्या होत्या.

परवा घरून फोन होता, आजी अंथरुणाला आहे. मामीचा सव्वा महिना होऊन गेलाय, मी या आठवड्यात निघते. पुण्यापर्यंत रेल्वे, पुढं घोडेगावची एसटी. मी पोचेपर्यंत कुणीतरी कागद घेऊन तिच्याजवळ बसा. अंगठा घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि तिला झऱ्याचं नाव विचारा. आम्ही नुसतं "वरचं पाणी" म्हणतो, पण त्याला नाव आहे, ती घेते ते. मला ते माहीत नाही.